अमावास्येला आलेली गाडी

३ सप्टेंबर, बुधवार
कंपनीचं पत्र आलं. मॅनेजर जगतापांनी दोनदा मोठ्यानं वाचलं, तरी माझं लक्ष बाहेरच. डोंगरावरचं धुकं पौड रोडपर्यंत उतरलं होतं, समोरचं हार्डवेअरचं दुकान दिसेना. पत्राचा मतलब असा: बॅटरीवरची नवी गाडी कंपनी लोकांना थेट विकणार, मोबाईलवरून. पुढं हळूहळू सगळ्याच गाड्या तशा. आपण फक्त गाडी ताब्यात द्यायची, तीही त्यांनी सांगितलं तर. कबूल असेल तर दसऱ्यापर्यंत फॉर्मवर सही करून पाठवा. कबूल नसेल तर काय, ते कुठंच लिहिलेलं नाही.
जगताप म्हणाले, मॅडम, आता आपण काय करायचं? मी म्हटलं, आधी चहा.
पत्र शोरूमच्या गणपतीपुढं ठेवलं आणि विसरले. संध्याकाळी बघते तर त्यावर निरांजनातलं तूप सांडलेलं.

५ सप्टेंबर
पुण्यात डीलर संघटनेची मीटिंग. अध्यक्ष (ह्यापुढं नुसतं अ., आख्खं नाव लिहायचा कंटाळा) तासभर बोलले. शहरात त्यांची तीन शोरूम आहेत. मुंबईला शिष्टमंडळ न्यायचं, परिवहन खात्यात निवेदन द्यायचं, थेट विक्री बंद करा म्हणून. ग्राहकांच्या सह्या गोळा करायच्या. आणि बोलायचं कुणी, तर मी.
मी का? तर म्हणे, वहिनी, तुम्ही शेतकरी घरच्या, बाईमाणूस, ह्यांच्या मागं एकटीनं धंदा सांभाळलात. "बोलता बोलता थोडं डोळ्यांत पाणी आलं तर फारच छान."
मला हसू आलं. पाणी काय, म्हणाल तर आत्ता काढते. पण ते त्यांच्या कामाचं नाही.
येताना चांदणी चौकात तासभर खोळंबा. गाडीत डोळा लागला.

९ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. आता पंधरा दिवस गाडी न्यायला कुत्रं फिरकणार नाही. मला हे दिवस आवडतात, कुणाला सांगत नाही इतकंच. काचा पुसून झाल्या की पोरीबाळी मोबाईल बघत बसतात, वर्कशॉपात रेडिओ, बाकी चिडीचूप. रिसेप्शनची प्रियांका तर विणकाम घेऊन येते.
दुपारी मधल्या पांढऱ्या गाडीत जाऊन बसले, काच वर केली. नव्या गाडीचा तो वास. पाऊस काचेच्या भिंतीवरून नुसता ओघळत होता. ही गाडी उभी आहे बरोबर तिथं खालच्या खाचराचा बांध होता. लग्न होऊन आले त्या वर्षी ह्याच बांधावर मी चिखलात सपशेल आपटले होते आणि सासूबाई हसल्या होत्या. ह्यांनी शोरूम बांधलं तेव्हा म्हणाले, शैले, हितं आता भाताऐवजी गाड्या उगवतील. मला अजून फरशीवरून चालताना बांध कळतो. पाय आपोआप उचलला जातो.
स्वप्न पडलं. फरशीवर घोटाभर पाणी, त्यात गाड्या चाकापर्यंत उभ्या, आणि हे धोतर खोचून एकेक गाडी उपटून दुसरीकडं लावतायत. लावणी करतात तसं. धोतर ह्यांनी जन्मात नेसलं नाही. जाग आली तर काचेला नाक लावून जगताप बघत होते. लाजल्यासारखं झालं.

११ सप्टेंबर
सह्यांसाठी कासार आंबोलीला गेले, तात्यांकडं. तात्यांनी आमच्याकडून तीन गाड्या नेल्या, तिन्ही ह्यांच्या शब्दावर. ओसरीवर बसवलं, कागद उलटासुलटा बघितला.
"ह्यात काय लिव्हलंय?"
सांगितलं की कंपनीनं गाडी थेट गिऱ्हाइकाला विकू नये, मधे आपला माणूस पाहिजे, अडीनडीला.
तात्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "शैला, तू इंद्रायणी तांदूळ त्या सोसायटीतल्या बायांना दारात नेऊन देतीस न्हवं? मार्केटयार्डात का न्हाई घालत?"
म्हटलं, आडत्या मधल्यामधे खातो म्हणून.
"मग आता आडत्या कोन हाय?"
खरंच की. मामंजी मरेपर्यंत आडत्याच्या नावानं बोटं मोडत गेले. वरचं खाचर शिल्लक आहे, त्याचा तांदूळ मी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन विकते, आणि वर सांगते, मधला माणूस न्हाई बरं का, थेट शेतातनं.
तात्यांनी सही केली तरीही. म्हणाले, तुझ्यासाठी करतोय, कागदासाठी न्हाई. त्यांच्या सुनेनं घेवड्याच्या शेंगा बांधून दिल्या.
परत येताना भात बघितलं, पोटरीला आलंय, लोंबी अजून आत. वाऱ्यानं सगळं शेत एका अंगावर वळत होतं. गाडी कडेला लावून बराच वेळ बघत बसले. सह्यांच्या कागदाला शेंगांचं पाणी लागलं.

१४ सप्टेंबर, रविवार
मनू आणि जावई जेवायला आले, माणवरून. दोघं तिथंच राहतात, निखिलचं ऑफिसही तिथंच. मुलगा लातूरकडचा, गुणी, पण मानी भारी. लग्नात साधं घड्याळ द्यायला गेलो तर हात जोडले होते.
आज दोघं गप्प गप्प. मनू माझ्याकडं बघायची आणि मान वळवायची. निखिलनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा भाकरी मागितली. मी मनात म्हटलं, गोड बातमी आहे. पितृपक्षात सांगू नये म्हणून थांबलेत. रात्री कपाटातली जुनी मऊ लुगडी काढून बघितली, दुपटी होतील चांगली.
दुपारी जेवणावर संघटनेचं सगळं मीच बडबडले. निखिल मान खाली घालून ऐकत होता.

१७ सप्टेंबर
ह्यांची तिथी. पान वर्कशॉपच्या पत्र्यावर ठेवलं, दरवर्षीसारखं, कारण घरापेक्षा तिथंच जास्त असायचे. कावळा आला, भजं उचललं, भाताकडं ढुंकून बघितलं नाही. अगदी तसेच.
सहा वर्षं झाली. ह्यांच्या वेळी गाडी ताब्यात देताना नारळ हे फोडायचे आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक मी काढायची. हे गेल्यावर कुणी मला नको म्हटलं नाही. मीच मागं सरले. ताट मी तयार करते, लिंबं चाकांखाली मी ठेवते, पण कुंकू लावायची वेळ आली की प्रियांकाला हाक मारते. आणि लोकही काही बोलत नाहीत, म्हणजे त्यांनाही तेच बरं वाटत असणार.
आज हे लिहून काढलं. आधी कधी लिहिलं नव्हतं.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
गोड बातमी कसली न काय.
सकाळी नऊला मनूचा फोन, रडवेली. आई, लगेच ये. मी घरच्या साडीवर तशीच निघाले, पिरंगुटवरून घोटवड्याच्या रस्त्यानं माणला. वाटेत दवाखाने आठवत होते. पोचले तर त्यांच्या सोसायटीच्या गेटवर हा एवढा ट्रेलर, आणि वर निळी कोरी करकरीत गाडी. आमच्याच कंपनीची. बॅटरीवरची.
निखिलनं मोबाईलवरून थेट घेतली होती. पत्र आलं त्याच आठवड्यात.
खोटं कशाला लिहू, जोरात लागलं. पोटच्या पोरीनं. आणि मी मेली गावोगाव सह्या मागत फिरतेय.
निखिल पुढं आला. मान वर करून बोलला, ते बरं केलं. "आई, तुमच्याकडून घेतली असती तर तुम्ही किमतीत सोडलं असतं. आणि लोक म्हणाले असते, जावयानं सासूकडून गाडी काढली. मला ती माझ्या पैशाची हवी होती."
मी सोडलं असतंच. मुलगा खरं बोलत होता.
पण खरा घोळ वेगळाच. कंपनीच्या सिस्टीमनं आपलीच तारीख टाकली होती, आज. आणि ह्या शहाण्यांनी कॅलेंडर उलटून बघितलं नाही. सकाळी लातूरहून निखिलच्या आईनं विचारलं तेव्हा उजेड पडला. त्या फोनवर रडतायत, सर्वपित्रीला गाडी दारात आणू नको रे. सिक्युरिटीवाला म्हणतो गेट अडवू नका. ट्रेलरचा ड्रायव्हर म्हणतो, "मॅडम, आज ही उतारना है, सिस्टम में डाला है।" कंपनीच्या नंबरावर बाई सारखी एक दाबा, दोन दाबा.
शोरूमला असं कधीच होत नाही. गाडी येते, यार्डात उभी राहते, लोक चांगला दिवस बघून येतात. चार दिवस, आठ दिवस, कुणी काही विचारत नाही. हे काम आहे असं आजवर वाटलंच नव्हतं.
मी ड्रायव्हरला म्हटलं, चलो, मेरे पीछे आओ.
निखिल म्हणाला, पण त्याला ओटीपी दिला की गाडी घेतल्यासारखंच. मी म्हटलं, ओटीपी म्हणजे काय किल्ली नाही. तू आज गाडीला हात लावू नकोस, बसू नकोस. गाडी माझ्याकडं वस्तीला आलीय, तुझी अजून झालेली नाही. विहीणबाईंना फोनवर तेच सांगितलं, त्यांना पटलं. त्यांनी माझं नाव घेऊन आशीर्वाद दिला.
गाडी आमच्या शेडमध्ये उतरवली. जगताप आ वासून बघत होते. किल्ली मी हळदीकुंकवाच्या ताटात झाकून ठेवली.
कंपनीनं थेट विकलेली गाडी माझ्याच छपराखाली. ह्यांना सांगितलं असतं तर पोट धरून हसले असते.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
पहाटे घट बसवून आठला शोरूमला. धुकं इतकं की निळी गाडी शेडमधून बाहेर काढली तर मागचा भाग दिसेना. अर्धीच गाडी आल्यासारखी.
मनू नऊवारी नेसून आली. हार, लिंबं, नारळ, सगळं तयार. मी हाक मारली, प्रियांका. प्रियांकाच्या घरी घट, दहाला येणार होती. मी मनूकडं ताट दिलं. तिनं हात मागं घेतले.
"आई, तू लाव."
मी नको म्हटलं. मला हे काम आहे, ते काम आहे. निखिल किल्ली हातात घेऊन उभा. "तुम्ही लावल्याशिवाय मी गाडी काढणार नाही. उभा राहतो इथंच."
सहा वर्षांनी. कुंकवात पाणी जास्त झालं, पहिली रेघ ओघळली. मग हात आपोआप चालला, चार रेघा, चार टिंबं. माझं ते स्वस्तिक थोडं डावीकडं कलतं, पहिल्यापासून. आजही कललं. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच बॉनेटला हात लावून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर रडले. जगतापांनी नारळ फोडला.
गाडी आवाजच करत नाही ती. धुक्यात शिरली आणि नाहीशी झाली. लिंबांवरून चाकं गेली तेवढाच आवाज.

२४ सप्टेंबर
निखिलनं फोटो काढला होता. मी बॉनेटशी, बोटाला कुंकू, डोळे भरलेले, मागं शोरूमची पाटी स्पष्ट. त्यानं कौतुकानं टाकला मोबाईलवर. कंपनीनं तो उचलून सगळीकडं फिरवला. खाली लिहिलंय: परंपरा तीच, खरेदी थेट.
सकाळपासून अ. चे सात फोन. आठवा उचलला. वहिनी, परवा शिष्टमंडळ आणि तुम्ही शत्रूच्या गाडीला ओवाळताय? मी म्हटलं, जावयाची गाडी आहे. ते म्हणाले, मग तर जास्तच वाईट.
निखिल धावत आला. रंग उडालेला. काढून टाकतो म्हणाला, पण आता कंपनीकडचा निघणार नाही. त्याला जेवायला वाढलं. तो म्हणाला, आई, मी तुमचं नुकसान केलं. मी म्हटलं, केलंस. भाकरी घे.
तो गेल्यावर फोटो मोठा करून बघितला. बरी दिसतेय मी. खूप दिवसांनी बरी दिसतेय.

२६ सप्टेंबर
मुंबई. घाटात ढग गाडीच्या आत येतात की काय असं झालं होतं. बाकीचे निवेदन घोकत होते, मी खिडकीतून धबधबे मोजत होते.
मंत्री भेटले नाहीत. त्यांच्या खात्यातल्या एक मॅडम भेटल्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. अ. नी निवेदन वाचलं: रोजगार, सर्व्हिस, ग्राहकहित. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि माझ्याकडं वळल्या. "तुम्ही त्या फोटोतल्या ना?"
अ. चं तोंड बघण्यासारखं झालं.
मी पाठ केलेलं सगळं विसरले. अमावास्येचं जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ट्रेलर, विहीणबाई, एक दाबा दोन दाबा. मॅडम हसल्या, मनापासून. वहीत काहीतरी लिहून घेतलं. अ. ना वाटलं, जमलं. टेबलाखालून मला अंगठा दाखवला.
मग मॅडम म्हणाल्या, "पण हे कंपनीला कळवलं तर ते पंचांग जोडतील की त्यांच्या अ‍ॅपमध्ये. दोन दिवसांचं काम आहे."
अ. चा अंगठा खाली गेला. मला तात्यांची ओसरी दिसायला लागली.
त्यांनी विचारलं, तुम्हाला स्वतःला काय हवंय? कागदातलं नको.
मी म्हटलं, "मला माझ्या दारातून गाडी गेलेली बघायची असते. लोक आत येतात तेव्हा घाबरलेले असतात आणि जाताना हसत जातात. दुसरं काही मला येत नाही."
त्या म्हणाल्या, विचार करू. तेच तर सगळ्यांना म्हणतात.
परतीच्या वाटेत कुणी माझ्याशी बोललं नाही. बरंच झालं, झोप लागली. स्वप्नात खाचर काठोकाठ भरलेलं, आणि त्यावर कुंकू तरंगतंय.

२९ सप्टेंबर
दोन कागद.
एक संघटनेचा. मी लिहून द्यायचं की फोटो माझ्या परवानगीशिवाय काढला, मला फसवून पूजा करायला लावली, माझी कंपनीविरुद्ध तक्रार आहे. सही केली तर संघटना पाठीशी, कोर्टापर्यंत.
दुसरा कंपनीचा जुनाच फॉर्म, पण वर चिठ्ठी नवी. पुण्याकडच्या सगळ्या थेट गाड्या तुमच्याकडून ताब्यात देऊ, पूजेसकट. पंचांगाबद्दल सूचना मिळाली, आभारी आहोत. म्हणजे मॅडमनी खरंच कळवलं.
पहिला सही केला तर जावई खोटा पडतो, आणि कुंकू लावलेला हातही. दुसरा केला तर उद्यापासून मी दुकानदार नाही, कंपनीची पुजारीण. आणि आमच्या पाच विक्रेत्या पोरांनी काय करायचं? त्यातल्या एकालाही हा फॉर्म विचारत नाही.
मनू म्हणते, आई, तुला जे वाटतं ते कर. हे म्हणायला काय जातं तिचं. मला काय वाटतं तेच तर कळत नाही.
दोन्ही कागद ड्रॉवरमध्ये, कुंकवाच्या डबीखाली.

२ ऑक्टोबर, दसरा
पहाटेपासून रांग. आपट्याची पानं सगळ्या फरशीभर. प्रियांकानं ताट माझ्या हातात दिलं आणि स्वतः बाजूला जाऊन उभी राहिली. शहाणी पोरगी. आज सगळ्या गाड्यांना मीच लावलं. एका म्हातारीनं माझ्याकडं जरा बघितलं, मग स्वतःच पदर सावरून पुढं झाली आणि म्हणाली, लाव बाई, आमच्या बी गाडीला लाव.
तात्या आले, नातवासाठी गाडी न्यायला. म्हणाले, काय आडत्या, बरं हाय ना? मी म्हटलं, बरं हाय. सोनं दिलं, पाया पडले.
वरचं खाचर निसवलं, लोंब्या बाहेर आल्या. सकाळी जगतापांनी येताना एक लोंबी तोडून आणली, ती तात्यांच्या गाडीच्या हाराला बांधली.
दुपारी रांग सरत आली तेव्हा एक जोडपं आलं, इथल्याच नव्या सोसायटीतलं. नागपूरकडचं बोलणं. करडी गाडी, बॅटरीवरची, थेट घेतलेली, सकाळी ट्रेलरनं दारात आलेली. ह्या वेळी दिवस बरोबर होता. नवरा गेटमध्येच अडखळला. गाडी तुमच्याकडून घेतली नाही, पण पूजा करून मिळेल का, आम्हाला इथं कुणी नाही. बायकोच्या कडेवर लहान मुलगी, झोपलेली.
जगताप माझ्याकडं बघायला लागले. विक्रीची पोरंही. सगळं शोरूम थांबलं.
मी म्हटलं, रांगेत लावा.
लिंबं ठेवली, स्वस्तिक काढलं, कललं. झोपलेल्या मुलीच्या कपाळालाही बोट लावलं. नारळ एका फटक्यात फुटला. बायकोनं मला वाकून नमस्कार केला आणि नवऱ्यानं पाकीट काढलं. अगदी साधेपणानं विचारलं, मॅडम, ह्याचे किती द्यायचे?
मला सांगताच येईना. आजवर ते गाडीच्या किमतीत धरलेलं असायचं. वेगळं कधी कुणी विचारलं नव्हतं, वेगळं कधी सांगितलं नव्हतं.
म्हटलं, थांबा हं, विचारून सांगते.
आत आले, ड्रॉवर उघडला, दोन्ही कागद अजून बिनसहीचेच, आणि वही काढून हे लिहीत बसलेय. काचेतून दिसतायत, अजून उभे आहेत दोघं. मुलगी जागी झाली.